फ्लेमिंगोंच्या पायाखाली कोण राहतं?

फ्लेमिंगो आले की शिवडीच्या जेट्टीवर आपली गर्दी ठरलेली. लालबाग-परळहून बाइक काढायची, खांद्याला कॅमेरा, रविवारची सकाळ. पण मित्रांनो, त्या गुलाबी थव्याखालच्या चिखलात कोण राहतं, हे कधी पाहिलंय?

तिथल्या तिवरांत एक साप असतो. करडा, अंगावर काळपट पट्टे, दीड-दोन हात लांब. लांबट तोंडामुळे इंग्रजीत ‘डॉग-फेस्ड वॉटर स्नेक’. शास्त्रीय नावातला ‘सर्बेरस’ म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा कुत्रा! एवढं भारदस्त नाव, आणि हा बिचारा रात्री चिखलात निवट्या धरत फिरतो. डोळे आणि नाकपुड्या डोक्यावर, म्हणून अंग बुडवून निवांत पडून राहतो. पोटात गेलेलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायला वरच्या जबड्यात खास ग्रंथी आहे. निसरड्या चिखलावर तिरका तिरका सरकतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो.

विषारी आहे का? जबड्याच्या मागच्या दातांत मासा गार करण्यापुरतं सौम्य विष, माणसाला धोका नाही. परळच्या हाफकिनने वर्षानुवर्षं सर्पदंशावरची लस बनवली, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी. त्यात याचं नाव नाही. तरीही जाळ्यात आला की पहिला फटका यालाच. नागपंचमीला दुधाची वाटी (जे साप पीतच नाही) आणि दुसऱ्या दिवशी काठी, हा आपला हिशेब काही कळत नाही.

काठीपेक्षा मोठं संकट भरावाचं आहे. तिवरं तोडणं म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी तिवरांत डेब्रिजचे ढीग दिसतातच. 2024 मध्ये याच शिवडीतून अटल सेतू सुरू झाला. त्यावरून सुसाट जाताना खालच्या चिखलाकडे कोण बघतो? फ्लेमिंगोंचा फोटो व्हायरल होतो म्हणून त्यांच्यासाठी आवाज उठतो. सापासाठी कोण बोलणार?

एक मात्र लक्षात ठेवा. खाडीत समुद्रसापही येतात, ते जहाल विषारी. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी, याची निमुळती गोल. पण ओळख पटवायला जवळ जाऊ नका, सेल्फी तर नकोच. वस्तीत साप शिरला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा, आणि माणसं येईपर्यंत गर्दीतल्या काठ्या तेवढ्या खाली ठेवायला लावा.