कोटाच्या आतला नवरा

सरकारला गरिबाचा पुळका आला की ते काय करतं? वकील काढून टाकतं. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा, कलम १३. या कोर्टात कुणालाच हक्कानं वकील उभा करता येत नाही. न्यायासाठी गरज वाटली तर कोर्ट एखाद्या जाणत्या वकिलाला स्वतःच्या मदतीला बोलावू शकतं. हेतू वाईट नव्हता. घरचं भांडण, त्यात काळे कोट कशाला? दोघांनी आपापल्या तोंडानं बोलावं, न्यायाधीशानं ऐकावं. पण साला नवराच वकील असला तर?

मग कलम १३ एकाच बाजूचा वकील काढतं. दुसऱ्या बाजूचा कातडीच्या आत बसलेला असतो. त्याला कोण काढणार?

मी काही कायद्याची बुकं शिकलेलो नाही. मॅट्रिक आहे. गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. पण दोन वर्षं झाली, ताईबरोबर कोर्टाच्या पॅसेजमध्ये बसतोय. ताई इस्पितळात आया. दाजी वकील. वकील झाला तो तिच्या पगारावर. तीन वर्षांची फी तिनं भरली, सनद मिळाली तेव्हा चाळीत पेढे तिनं वाटले. मग त्याला बायको अडाणी दिसायला लागली. संमतीच्या घटस्फोटाचा कागद त्यानंच लिहिला. 'मला पोटगी नको' हे वाक्य ताईच्या तोंडी त्यानंच घातलं. ताईनं एवढंच विचारलं, पोरगी माझ्याकडं राहील ना? आणि सही केली. पुढं पोरीच्या शाळेसाठी पैसे मागितले, तर यानं पोरीच्या ताब्याचाच अर्ज टाकला.

आता सामना बघा. पुकारा होतो. हा गळ्याला पांढरा बँड लावून येतो. आलाय पक्षकार म्हणून, पण शिपाई त्याला 'साहेब' म्हणतो आणि ताईला 'ओ बाई, तिकडं सरका'. ताई बोलायला लागली की हा मधेच उठतो, हे अर्जात लिहिलेलं नाही, हा पुरावा चालणार नाही. ताई गप्प. खरं तर त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं की वाद मिटवायला उपयोगी पडेल असा कुठलाही पुरावा हे कोर्ट घेऊ शकतं, मग तो पुराव्याच्या कायद्यात बसो न बसो. पण हे ताईला सांगणार कोण? ज्याला माहीत आहे तोच समोर उभा!

आणि तारखा. तारीख पडली तर त्याचं काय जातं? त्याचा धंदाच तिथं. ताईचा खाडा पडतो. असे खाडे मोजले तर पोरीच्या शाळेची फी तेवढ्यातच निघाली असती.

पैशाचं तर विचारूच नका. ताईचा पगार चिठ्ठीवर, फंड कापून, पैशापैशाचा हिशोब. हा फी रोख घेतो आणि कोर्टात सांगतो, प्रॅक्टिस अजून बसली नाही. कामगाराची कमाई कागदावर, वकिलाची खिशात. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला पोटगीच्या खटल्यात सांगून ठेवलंय की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते मागा. आयकराची विवरणं मागा, बँकेचे उतारे मागा. लेखी मागा, तोंडी मागितलेलं हवेत जातं. आणि आईनं पोटगी सोडली म्हणून पोरीचा हक्क सुटत नाही, हेही त्या वकिलाला ठाऊक आहे.

कलम १३ म्हणजे वकिलाला बंदी नव्हे. अर्ज केला तर कोर्ट परवानगी देऊ शकतं. समोरचा वकील आहे, यापेक्षा मोठं कारण ते काय असतं? शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं बाईला, अनुसूचित जातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. ताईला मिळाला. भला माणूस. पण पहिल्याच दिवशी म्हणाला, 'तो आमच्याच बाररूममधला आहे हो, जरा समजुतीनं घेऊ.' समजूत कुणाची? नेहमी ताईचीच!

दोस्तांनो, आता कडू बोलतो. दाजी आपल्यातलाच आहे. १४ एप्रिलला स्टेजवर असतो, निळा फेटा बांधून हिंदू कोड बिलावर तासभर बोलतो. बाबासाहेबांनी १९२३ पासून याच मुंबईत वकिली केली. १९५१ साली कायदामंत्रीपद सोडलं, त्याच्या मोठ्या कारणांत बायांना हक्क देणारं ते रखडलेलं बिल होतं. आणि हा त्यांचं नाव घेऊन तोच कोट बायकोच्या अंगावर फेकतो. आपले कार्यकर्ते म्हणतात, घरची गोष्ट आहे, चळवळीत आणू नका. का नाही आणायची? मालकानं मजुराला लुटलं तर मोर्चा, आणि वकिलानं आयाला लुटलं तर घरची गोष्ट?

मला भाषण नको. वस्त्यावस्त्यांतून शिकून सनद घेतलेली आपली पोरं-पोरी आहेत. त्यांची एक यादी करू. जो वकील आपल्याच दोस्ताविरुद्ध, आपल्याच बाररूमच्या माणसाविरुद्ध वकीलपत्र घ्यायला तयार आहे, त्यानंच नाव द्यावं. बाकीच्यांनी नाही दिलं तरी चालेल, मग ते कोण तेही कळेल. ताईची पुढची तारीख या महिन्यातच आहे.