शनिवारनंतर रविवारच का?

प्राचीन इजिप्त म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पिरॅमिड आणि ममी उभ्या राहतात. माझ्या मते त्या लोकांची सर्वांत टिकाऊ देणगी गिझाच्या वाळवंटात नाही. ती आपल्या लासूर स्टेशनच्या फलाटावर आहे आणि घरातल्या दिनदर्शिकेतही आहे. म्हणून इजिप्त इतिहासाच्या तासाला शिकवावा, तसाच गणिताच्या तासालाही शिकवावा.

रेल्वेचे वेळापत्रक 24 तासांचे असते. आपली जुनी रीत वेगळी होती. आपण अहोरात्राच्या 60 घटिका करीत असू. एक घटिका म्हणजे 24 मिनिटे. मग हे 24 आले कोठून?

नाईलकाठच्या लोकांनी वर्ष 365 दिवसांचे धरले होते: 30 दिवसांचे 12 महिने आणि वर 5 दिवस. रात्रीची वेळ कळावी म्हणून त्यांनी ताऱ्यांचे 36 गट निवडले. दर दहा दिवसांनी एक नवा गट पहाटे पूर्वेला उगवताना दिसे. इ.स.पूर्व 2100 च्या सुमाराच्या शवपेट्यांच्या झाकणांवर अशा ताऱ्यांची कोष्टके आहेत आणि त्यांत रात्रीचे 12 भाग केलेले आढळतात. दिवसाचेही त्यांनी 12 भाग केले. ते मोजण्यास सावलीचे घड्याळ वापरले. हे तास ऋतूप्रमाणे लहानमोठे होत. सर्व तास सारखे करण्याचे काम पुढे ग्रीक ज्योतिर्विदांनी केले.

आता कागद-पेन्सिल घ्या. प्राचीन ज्योतिर्विदांनी मंद गतीपासून शीघ्र गतीपर्यंत ‘ग्रहां’चा क्रम असा लावला: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तासाला एकेक स्वामी द्यायचा आणि पहिल्या तासाचा जो स्वामी त्याचाच तो वार मानायचा. पहिला तास शनीचा, म्हणून शनिवार. 24 ला 7 ने भागले की बाकी 3 उरते. म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरे पुढे, सूर्याकडे जातो. झाला रविवार! आणखी तीन घरे पुढे चंद्र, म्हणजे सोमवार. असेच पुढे मोजून पाहा.

हाच हिशोब 60 घटिकांनी केला तर? बाकी 4 उरते आणि शनिवारनंतर शुक्रवार येतो. सारा आठवडा उलटा चालू लागतो. म्हणजे आपल्या वारांचा क्रम घटिकांतून निघत नाही, तो 24 तासांतूनच निघतो. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास हाच नियम सांगितला आहे. तासाला त्याने ‘होरा’ म्हटले आहे. हा शब्द मूळ ग्रीक असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. रोमन इतिहासकार डिओ कॅसियस याने तर ग्रहांवरून वार मोजण्याची पद्धत इजिप्तची असल्याचे लिहून ठेवले आहे.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्यात आपल्याच मराठवाड्यातील पैठणचा आणि तेरचा उल्लेख आहे. येथला माल गाड्यांवरून भडोचला जाई व तेथून जहाजात चढे. जेथे माल जातो-येतो तेथे कल्पनाही जातात-येतात. भारतात वाराचा अगदी जुना कोरीव उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथे, इ.स. 484 मधला आहे.

हे ऋण मान्य केल्याने आपल्याला कमीपणा येत नाही. इजिप्शियनांना दशक, शतक लिहिण्यास निराळी चिन्हे लागत; स्थानमूल्य आणि शून्य यांची सोय जगाला भारताने दिली. ज्ञानाच्या बाजारात सगळेच देणेकरी आणि सगळेच घेणेकरी असतात.

मात्र हिशोब एकदा समजला की एक गोष्ट टाळता येत नाही. शनिवारी तेल किंवा लोखंड घरात आणू नये, असे आजही अनेकजण कटाक्षाने पाळतात. पण शनी त्या दिवशी पृथ्वीजवळ येत नाही की अधिक तेजस्वी होत नाही. वार आकाशात नाहीत. ते माणसाने केलेल्या भागाकाराच्या बाकीत आहेत. आठवड्याची सोय जरूर ठेवावी. तिची भीती बाळगू नये.

शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. आणि शेवटी विचारावे: इजिप्शियनांनी दिवसाचे 28 तास केले असते तर? बाकी शून्य! मग रोज शनिवारच असता, आणि तेल-लोखंडाच्या दुकानदारांना दुसरा धंदा शोधावा लागला असता.