घूत्कार शोभत नाही त्याला!

कावळ्याची कावकाव, चिमणीची चिवचिव, मोराचा केकारव, घुबडाचा घूत्कार. शाळेत हे पाठ करून सगळ्यांनीच मार्क खिशात घातलेत ना? पण हे शब्द आले कुठून, हा प्रश्न काही पेपरात येत नव्हता!

उत्तर तसं सिंपल आहे. कानावर पडलं ते जिभेनं उचललं. ‘घूत्’ असा आवाज काढणं म्हणजे घूत्कार, जसा ‘फूत्’चा फूत्कार. ‘केका’ म्हणजे मोराचं ओरडणं आणि ‘रव’ म्हणजे आवाज, झाला केकारव. यास्कानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ‘निरुक्ता’त सांगून ठेवलंय, की ‘काक’ हे नाव आवाजाच्या नकलेतून आलं आणि पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार भरपूर आहे. औपमन्यव नावाच्या दुसऱ्या पंडिताला मात्र हे साफ नामंजूर. म्हणजे वाद तेव्हाही होतेच!

आता माझ्या नंदुरबारची गोष्ट. (हो, तेच मिरचीवालं.) इथल्या सातपुड्यात रानपिंगळा नावाचं छोटंसं घुबड राहतं. १८८४नंतर ते शास्त्रज्ञांना दिसलंच नाही. संपलं, असंच बहुतेकांनी धरलं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना ते शहाद्याजवळ सापडलं. ११३ वर्षांनी, आणि तेही दिवसाउजेडी! हे घुबड दिवसाही जागं असतं. आमचा जिल्हासुद्धा १ जुलै १९९८ला झाला, म्हणजे पक्षी आमच्याआधी नकाशावर आला.

तोवर जगाकडे होते फक्त म्युझियममधले मोजके नमुने. त्यांची पिसं मोजता येतात, पण आवाज कसा ऐकणार? रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९मध्ये त्याच्या आवाजांचं वर्णन प्रसिद्ध केलं. शहरातला साधा पिंगळा कर्कश चिरचिरतो. रानपिंगळ्याची साद मात्र आखूड, मऊ, शिटीसारखी. घूत्कार तिला अजिबात शोभत नाही.

मग कुठला शब्द द्यायचा? पूर्वजांचा नियम सोपा होता : आधी ऐका, मग बोला. ऐकायला पक्षी हवा आणि पक्ष्याला सागाचं विरळ रान हवं. तेच रान शेतीसाठी आणि लाकडासाठी कमी होतंय. रानपिंगळा आजही धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. जंगल गेलं, तर शब्द सुचायच्या आधीच आवाज जाईल. मोबाइलच्या अलार्ममधली किलबिल ऐकून कुणाला नवा शब्द सुचत नसतो, बॉस!