वायफाय घरातली हालचाल ओळखू लागलं; त्या नोंदीची किल्ली कुणाकडे?

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागात गेल्या काही वर्षांत घरोघरी भिंतीवर वायफायचा डबा आला. पोरांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, सौदी-दुबईला असलेल्या माणसाशी व्हिडिओ कॉल यासाठी तो आला. हाच डबा आता जगात आणखी एका कामाला लावला जातो आहे: घरात कोणी हलतंय-चालतंय का, हे ओळखण्याच्या. कॅमेरा नाही, माईक नाही, अंगावर काही बांधायचं नाही. फक्त वायफायच्या लहरी.

यात जादू नाही. राउटरमधून निघालेल्या लहरी भिंत, कपाट, पलंग यांना आपटत मोबाईल किंवा टीव्हीपर्यंत पोहोचतात. वाटेत माणूस असला की त्याच्या शरीरातलं पाणी काही लहरी शोषून घेतं, काही परत फेकतं. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची ६ सेंटिमीटर. त्यामुळे माणूस एक पाऊल सरकला तरी पलीकडे पोहोचणारा सिग्नल बदलतो. हा बदल सतत मोजत राहिलं की खोली रिकामी आहे की कोणी फिरतंय, हे कळतं. साध्या विटांच्या भिंतीतून लहरी आरपार जातात, म्हणून दार बंद असलं तरी फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०१३ मध्ये दीना कताबी आणि त्यांचा विद्यार्थी फादेल अदीब यांनी वायफायने भिंतीपलीकडची हालचाल ओळखून दाखवली. कताबी मूळच्या दमास्कसच्या, अदीब लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे. आपल्या लेकरांना हे जरूर सांगावं. रेडिओ लहरींवरून घरात पडलेल्या वृद्धाची खबर देणारं यंत्र त्यांच्या गटाने २०१५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ओबामांसमोर दाखवलं. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी वायफायच्या सिग्नलवरून खोलीतल्या माणसांची शरीराची ठेवणसुद्धा काढून दाखवली. २०२५ मध्ये या कामासाठी वायफायचं स्वतंत्र मानकही तयार झालं, ८०२.११बीएफ. मानक झालं की चिपवाले तीच सोय चिपमध्ये घालू लागतात, आणि राउटर विदेशी असो की देशी, चिप त्याच मोजक्या कंपन्यांच्या असतात.

आम्हाला ही सोय सरसकट वाईट वाटत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आज फक्त अम्मी-अब्बा आहेत, मुलगा पुण्याला नाहीतर आखातात. रात्री अब्बा बाथरूममध्ये घसरले तर सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. कॅमेरा लावा म्हटलं तर घरातल्या बाया तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. घरात बाई मोकळेपणाने वावरते, तिथे कॅमेऱ्याचा डोळा कोण लावून घेईल? अशा घराला चित्र न काढणारं साधन पटणं साहजिक आहे.

पण आपल्या घरात ते कसं चालेल, हेही बघायला हवं. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबात हालचाल थांबतच नाही, तिथे चोर कोण आणि चाची कोण हे त्या डब्याला काय कळणार. पंखा, हलणारा पडदा, मांजर, अंगणातून आत शिरलेली बकरी, सगळ्यांनी सिग्नल हलतो. टिनाच्या भिंती लहरी परत फेकतात. आणि लाइट गेली की राउटर बंद, पहारा बंद. म्हातारं माणूस अंधारातच जास्त पडतं, ही गोष्ट विकणारा सांगणार नाही.

खरी चिंता मात्र वेगळी आहे. चित्र नाही म्हणजे खासगी आहे, असं समजणं चुकीचं. एखाद्या घरातली महिनाभराची हालचाल कागदावर मांडून बघा. पहाटे चारला अख्खं घर उठू लागलं की रमजान सुरू झाला. रोज रात्री एकच खोली जागते, म्हणजे तिथे आजारी माणूस आहे किंवा तहज्जुद पढणारं कोणी. दुपारी घर रिकामं, अमुक दिवशी पाहुणे जास्त. सूरह नूरमध्ये दिवसातल्या तीन वेळा सांगितल्या आहेत, फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून आराम करताना आणि इशानंतर; त्या वेळी घरातल्या लहान मुलांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत यायचं नाही. नेमक्या त्याच वेळांची नोंद हा डबा ठेवणार. पोराला परवानगी लागते, मग कंपनीला नको?

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनीने आपल्या ग्राहकांना ही सोय दिली आहे. ती आधी बंद असते, ग्राहकाने चालू करायची. इथवर ठीक. पण कंपनीच्या अटींत असंही आहे की या नोंदी पोलीस तपासात, कोर्टाच्या आदेशावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वादातही तिसऱ्याला दिल्या जाऊ शकतात, ग्राहकाला पुन्हा न कळवता. वाशिमच्या माणसाने अमेरिकेतल्या अटी का वाचाव्यात? कारण अटींची भाषा एका कंपनीतून दुसरीत उचलली जाते, आणि आपण खाली न बघता 'सहमत' दाबतो.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच आधारावर मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. म्हणजे हक्क कागदावरच आहे, असं नाही. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा त्यानंतर आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

या कायद्यात दोन भोकं आहेत. सरकार आपल्या यंत्रणांना सुरक्षेच्या नावाने त्यातून सूट देऊ शकतं. आणि कुणी व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर कायदा तिथे लागूच होत नाही. काही शे रुपयांच्या ईएसपी३२ चिपवर असा प्रयोग इंजिनिअरिंगची पोरं करतात. उद्या शेजाऱ्याने किंवा घरमालकाने 'माझ्या घरासाठी' म्हणून तो लावला आणि तुमची भिंत त्याच्या भिंतीला लागून असली, तर तक्रार कुठल्या कलमाखाली करणार? यावर लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारायला हवा. वक्फच्या जागेपासून रेशन कार्डापर्यंत आपण त्यांच्याकडे जातो, यासाठीही जावं.

त्याच कायद्यात एक कामाची गोष्टही आहे. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क आहे. मराठी त्यात आहे, उर्दूही आहे. तेव्हा केबलवाला नवीन राउटर लावायला आला की चहा पाजा आणि विचारा: डबा कुणाच्या मालकीचा, हालचाल ओळखायची सोय यात आहे का, असेल तर नोंद घरातच राहते की कंपनीकडे जाते, आणि बंद कुठून करायची? त्याने लावून दिलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदला. गावातल्या बहुतेक राउटरवर अजून तोच पासवर्ड असतो, आणि तो केबलवाल्याला पाठ असतो.