वादळातला आसरा आणि त्याचा हिशेब

वादळाचा इशारा मिळाला की मिरकरवाड्याच्या नौकामालकाचा तोटा सुरू होतो. समुद्रात गेलेली नौका अर्ध्या वाटेवरून परतते. डिझेल जळते, बर्फ वितळतो, खलाशांचा पगार आणि शिधा मात्र चुकत नाही. मोडलेल्या नौकेचा पंचनामा होतो. वेळीच परतून न मोडलेल्या नौकेने सोसलेल्या खर्चाला सरकारी कागदात रकाना नाही.

अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादे चक्रीवादळ येई. २०१९ साली पाच आली. त्यांपैकी ‘क्यार’ आणि ‘महा’ ऐन हंगामात, एकापाठोपाठ आली. पुढे २०२० मध्ये ‘निसर्ग’ व २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले. क्वचित येणारा खर्च आता धंद्याच्या नेहमीच्या खर्चात जमा झाला आहे. शिवाय परतण्याचा खर्च निश्चित आणि आजचा, तर वादळाचे नुकसान अनिश्चित आणि उद्याचे. अशा वेळी आणखी एकदा जाळे टाकण्याचा मोह कर्जबाजारी मालकाला अधिक होतो. त्या मोहाची किंमत मात्र खलाशाच्या प्राणाने मोजली जाते. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ने समुद्रातील नौकांची काय गत होते हे कोकणाला दाखवून दिलेच आहे.

बंदरात आले म्हणजे संकट टळले, असेही नाही. तौक्तेच्या वेळी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि मनुष्यहानी झाली. निसर्ग वादळात नांगर टाकून उभे असलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळले. गाळाने उथळ झालेल्या बंदरात भरतीची वाट पाहावी लागत असेल, तर त्या आसऱ्याचा अर्थ निम्माच उरतो.

हा खर्च कोणी सोसावा? डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’च्या वेळी केरळ व तामिळनाडूच्या ६८ नौका, ९५२ मच्छीमारांसह, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. जून २०१९ मध्ये ‘वायू’च्या भीतीने दहा चिनी नौकांना दाभोळजवळ आश्रय दिला गेला. दीपगृहाचा प्रकाश जसा कोणाच्या मालकीचा नसतो, तसाच वादळातला आसराही. तो सार्वजनिक आहे. म्हणून त्याचा भारही सार्वजनिक तिजोरीनेच उचलला पाहिजे.

त्यासाठी गाळ काढण्याची कायम तरतूद आणि खाड्यांत नौका बांधण्याची पक्की सोय हवी. त्याचबरोबर, इशाऱ्यानंतर मुदतीत परतलेल्या नौकेला ठराविक दैनिक साहाय्य मिळावे. डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत दिला जातो. तोच मार्ग येथेही वापरता येईल. अशा मदतीचा गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु साहाय्य दिवसाच्या कमाईहून कमी ठेवले आणि त्याचा काही भाग खलाशांना थेट दिला, तर बंदरात बसून राहण्यात कोणाचा लाभ उरणार नाही. मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या भरपाईपेक्षा ही रक्कम लहानच असेल, आणि ती जिवंत माणसाच्या हाती पडेल.