गवत मोजण्याची विद्या

मोठेपणीं कोण होणार, असें विचारलें असतां आपल्या शाळेंतील मुलें डॉक्टर, इंजिनियर, वकील, शिक्षक अशीं उत्तरें देतात. ‘मी गवत मोजीन,’ असें कोणी म्हणाल्यास वर्गांत हंशा पिकेल. परंतु सार्वजनिक चराऊ रानांचा सांभाळ करणें ही खरीखुरी विद्या आहे, तिच्यावर हजारों कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो, आणि आपल्याकडे तिची मोठी उणीव आहे, असें आमचें मत आहे.

ही विद्या जेथें मोठ्या प्रमाणावर रुजली त्या अमेरिकेचें उदाहरण प्रथम घेऊं. तेथील पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखांत शेतीसाठीं कोणीं घेतली नाहीं अशी अफाट जमीन सरकारच्या नांवावर मोकळी राहिली होती. जो आधीं गुरें घालील त्याचें गवत, हा तेथला रिवाज. आपण राखलेलें गवत उद्यां शेजाऱ्याचीं मेंढरें खाणार, मग आपण कां राखावें, असें जो तो म्हणे. आणि एकेकट्यापुरतें तें म्हणणें खोटेंहि नव्हतें. पण सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र नाशांत झाली. गवत गेलें व माती उघडी पडली. अखेर २८ जून १९३४ रोजीं ‘टेलर चराई कायदा’ अमलांत आला. रानांचे विभाग पडले व परवाने सुरू झाले. १९४६ सालीं या कामासाठीं भूमिव्यवस्थापनाचें स्वतंत्र खातें निघालें. आज त्याच्याकडे सुमारें १५ कोटी ५० लक्ष एकर चराऊ जमीन आहे. महाराष्ट्राच्या एकंदर क्षेत्रफळाची ही जवळजवळ दुप्पट होय. परवाने व पट्टे मिळून सुमारें १८ हजार असून परवान्याची मुदत बहुधा १० वर्षांची असते.

या खात्यांतील चराऊ रानांचा तज्ज्ञ करतो काय? तो रानांत ठराविक जागीं लहानशी चौकट ठेवतो, तींतील गवत कापतो, वाळवितो व तोलतो. कोणत्या जातीचें गवत वाढत आहे व कोणत्या जातीचें हटत आहे, याची तो नोंद ठेवतो. त्याच जागेचें छायाचित्र वर्षानुवर्षें घेतो. गाय व तिचें वासरूं, किंवा पांच मेंढ्या, यांना एक महिना पुरेल इतका चारा हें त्याचें माप; वाळलेल्या गवतांत तें सुमारें ८०० पौंड धरतात. समजा, १,००० एकर रानांत एकरीं ४०० पौंड गवत आलें, तर एकूण ४ लक्ष पौंड झालें. त्यांतील निम्में रानासाठींच सोडलें, तर २ लक्ष पौंड उरतात. म्हणजे ५० गाईंना पांच महिने. एकावन्नावी गाय कोणाचीहि असो, तिला तेथें जागा नाहीं.

निम्में गवत रानाला कां सोडावयाचें? गवताची पात हीच त्याची चूल आहे. ती वारंवार खाल्ली गेली म्हणजे मुळांचें पोषण थांबतें, मुळें आंखूड होतात, आणि पुढच्या अवर्षणांत तें गवत उठत नाहीं. रान मरतें तें एका दिवसांत नव्हे. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना तें उशिरां कळतें, आणि मापाला लवकर कळतें.

यावर एक आक्षेप येतो, व तो रास्त आहे. तीन पिढ्या जो त्या रानांत गुरें चारीत आला, त्याला कालचा पदवीधर काय शिकविणार? आमचें उत्तर असें कीं, एकाची आठवण व दुसऱ्याचें माप, दोन्ही हवीं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच विषयाच्या अभ्यासाबद्दल. सामाईक मालमत्ता वापरणारे लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या राखूं शकतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. जो अधिकारी कचेरींत बसून ‘गुरें कमी करा’ असें लिहितो, त्याचें कोणी ऐकणार नाहीं. जो गुराख्याबरोबर रान चालतो व तोललेलें गवत त्याच्याच हातीं देतो, त्याचा नकार कडू लागला तरी अन्यायाचा वाटत नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. गांवोगांवचीं गायरानें, दख्खनच्या पठारावरचीं माळरानें हीं आपल्या दप्तरांत पुष्कळदां ‘पडीक’ म्हणून नोंदलीं जातात. याच माळांवर धनगरांचे कळप चरतात व पावसाळा सरल्यावर कित्येक कळप घांट उतरून कोंकणांत जातात; याच माळांवर माळढोक पक्षी राही, आणि त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर-अहमदनगर भागांत अभयारण्य करावें लागलें. ज्या माळावर पूर्वीं पवना व मारवेल डोलत, तेथें आतां कुसळी माजलेली दिसली, तर रान खालावलें हें जाणत्यास तेव्हांच कळतें. परंतु हें लिहून ठेवतो कोण? आणि जें मोजलें नाहीं त्याला किंमत नाहीं. ज्याला किंमत नाहीं तें बळकावण्यास कोणाची भीड नाहीं. गांवाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करावीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. पण केवळ निकालानें गवत उगवत नाहीं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. चार मेंढ्यांच्या धन्याला रानांतून हाकलावयाचें आणि कुंपण घालून बसलेल्या बड्या असामीकडे काणाडोळा करावयाचा, याला राखण म्हणत नाहींत. गायरान हें ज्याला स्वतःची जमीन नाहीं त्याचें शेत आहे. तेथील मापाचा पहिला उपयोग त्याच्या रक्षणासाठीं झाला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष चराऊ रानांचें व पशुपालकांचें म्हणून ठरविलें. वर्षें येतात आणि जातात. माणसें तयार व्हावीं लागतात. विद्यार्थिमित्रहो, वनस्पतिशास्त्र, गणित आणि मनुष्यस्वभाव या तिन्हींची ज्यास आवड असेल, त्यानें या विद्येचा अवश्य विचार करावा. आणि पालकांनीं, आपल्या मुलानें हा मार्ग धरावयाचें म्हटल्यास, त्याला हंसूं नये.