चूक कुणाला दिसते?

शिक्षक बोलतात आणि त्यांचे बोलणे लगोलग पडद्यावर अक्षरांत उमटते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. कॅनडातील हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीज विद्यापीठाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या साहाय्याने ‘लिबरेटेड लर्निंग’ प्रकल्पात हा प्रयोग सुरू केला. २०१९मध्ये गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ आले आणि साध्या मोबाइलवर मराठी बोलणेही लिहून मिळू लागले. कर्णबधिरांच्या वर्गात ते वापरावे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र यंत्र चुकते तेव्हा ती चूक कळते कुणाला, हे आधी पाहायला हवे. ऐकू येणारा माणूस कानांनी ऐकलेले आणि डोळ्यांनी वाचलेले ताडून पाहतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या विद्यार्थ्याला ताडून पाहायला फारसे काही नसते. ओठवाचनाचा आधार घ्यावा, तर नजर पडद्यावर खिळलेली.

मराठीत हा धोका अधिक. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तिथेच पुष्कळ शिक्षकांचा आवाज खाली जातो. ‘हा वायू जळत नाही’ यातले ‘नाही’ निसटले, तर हिशेबाने चारातला एकच शब्द चुकला. विज्ञान मात्र उलटे झाले. ‘अपूर्णांक’मधला ‘अ’ गळाला की गणिताचे तेच. अचूकतेची टक्केवारी चुका मोजते, त्यांचे वजन करत नाही. तंत्रज्ञान दिवसेंदिवस सुधारते आहे, मग ही काळजी कशाला, असे विचारले जाते. ते सुधारते आहे, हे खरेच. पण गचाळ मजकुरावर विद्यार्थी निदान संशय तरी घेतो. सफाईदार वाक्यात दडलेली चूक तो पाठ करतो. 

सांकेतिक भाषेच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. १८८०च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. आता तेच पडद्याच्या वाटेने होईल, अशी त्यांना धास्ती वाटते. ती अनाठायी नाही. ज्या मुलाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्याला धावती मराठी अक्षरे म्हणजे दुसऱ्या भाषेतले घाईचे वाचन. २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही सर्वांत योग्य भाषेतून आणि माध्यमातून शिक्षण देण्याची अपेक्षा ठेवतो. पडदा आला म्हणून दुभाषी कमी करणे त्या अपेक्षेशी विसंगत ठरेल. दुभाषी मिळतच नाही, मग काहीच नसण्यापेक्षा हे काय वाईट, असे खेड्यातल्या शाळा म्हणतील. उत्तम वाचता येणाऱ्या, भाषा आल्यानंतर श्रवण गमावलेल्या मुलांपुरते हे मान्य. त्यांच्याही हाती कच्चा मजकूर तसाच देऊ नये. हॅलिफॅक्सच्या प्रकल्पातही तासानंतर मजकूर दुरुस्त करूनच टिपणे म्हणून दिला जाई.

ती दुरुस्ती शाळेची जबाबदारी आहे. माइक तोंडाजवळ असावा, वाक्य अर्धवट सोडू नये, मागच्या बाकावरून आलेला प्रश्न शिक्षकांनी स्वतः पुन्हा उच्चारावा. एवढ्यानेही बऱ्याच चुका टळतात. उरलेल्या चुका विषयाच्या जाणकारानेच काढायच्या आणि टिपण दुसऱ्या दिवशीच्या तासाआधी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायचे. मुख्याध्यापकांनी या कामाची तासिका वेळापत्रकात दाखवावी. शिक्षकांच्या मधल्या सुट्टीत ते भागवू नये.